आपल्या शेताची ऊसजात: निवडायची कशी, बी रुजवायचं कसं

गोव्यातल्या सांगे तालुक्यात वाडे इथं माझी ऊसशेती आहे. साळावलीच्या धरणात कुर्डी गाव बुडालं, तेव्हा आमच्यासारखी बरीच कुटुंबं वाडे आणि वालकिणीला येऊन राहिली, आणि पुढं धरणाच्याच पाण्यावर ऊस उभा केला. उमेदीची वर्षं मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात काढली, त्यामुळे सांगे, केपे, धारबांदोडा, सत्तरी इथले फड माझ्या पायाखालचे आहेत. अजूनही कोणी ना कोणी विचारतं, "बापू, यंदा कुठली जात लावू?" मी नाव सांगत नाही. आधी जमीन दाखवा म्हणतो. जमीन पाहिल्यावर पुढं काय करायचं, ते इथं लिहितो. ज्याच्याकडे ऊस आहे, थोडी जागा आहे आणि चार-पाच वर्षं थांबायची तयारी आहे, त्याला हे जमण्यासारखं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. टिपरी, म्हणजे डोळे असलेला उसाचा तुकडा, लावून जो ऊस येतो, तो जिच्यापासून टिपरी घेतली त्याच जातीचा असतो. फडातले जाडजूड ऊस वेचून त्यांचं बेणं केलं म्हणून नवी जात तयार होत नाही. बेणं निरोगी मिळतं, उगवण चांगली होते, आणि ते दर वर्षी करायलाच हवं. पण मूळ गुण बदलत नाहीत. गुण बदलायचे तर दोनच वाटा आहेत. एक, वेगवेगळ्या जाती आणून आपल्या जमिनीत शेजारी शेजारी लावायच्या आणि त्यातली टिकते ती ठेवायची. दुसरी, तुऱ्यातलं, म्हणजे उसाच्या फुलोऱ्यातलं, खरं बी रुजवायचं. त्यातलं प्रत्येक रोप वेगळं निघतं, अगदी एकाच तुऱ्यातली दोन रोपंही सारखी नसतात. पहिली वाट सगळ्यांसाठी आहे. दुसरी हौस आणि चिकाटी असलेल्यांसाठी.

संकर एकीकडे, निवड दुसरीकडे

उसाला तुरा धरायला दिवस साडेबारा तासांच्या आसपास यावा लागतो, रात्री फार गार नकोत आणि हवेत ओल हवी. उत्तर हिंदुस्थानात हे जुळत नाही. म्हणून १९१२ साली ऊस प्रजनन संस्था दक्षिणेत कोइंबतूरला निघाली. तिथं बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी जाड, गोड उसाचा संकर रानटी काशगवताशी केला आणि त्यातून को २०५ ही जात १९१८ मध्ये पंजाबातल्या शेतकऱ्यांपर्यंत गेली. संकर तमिळ मुलखात झाला, पण ती जात पंजाबची म्हणून ठरली ती तिथल्या थंडीत आणि तिथल्या मातीत टिकली म्हणून. आजही तीच रीत आहे. कोइंबतूरच्या बागेत संकर होतात, तुऱ्यातलं बी राज्याराज्यांतल्या केंद्रांकडे जातं आणि रोपांतून निवड त्या त्या ठिकाणी होते. कोएम ०२६५, म्हणजे आपण जिला फुले २६५ म्हणतो, ती सातारा जिल्ह्यातल्या पाडेगावच्या केंद्राची निवड आहे.

आता पाडेगाव आणि सांगे यांची तुलना करा. तिथं काळी भारी जमीन, कमी पाऊस, जमिनीत क्षार. इथं तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, लाल जांभ्याची आम्लधर्मी माती, जुलैत दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. फुले २६५ चोपण, क्षारट जमिनीत चांगली उभी राहते हे तिचं मोठं नाव आहे. पण आपल्याकडे क्षाराचा प्रश्न फक्त खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात, आणि भरतीचं पाणी येणाऱ्या खाजनात ऊस लावूच नये. तिथं कोरगुट भातासारखं पीकच शोभतं. म्हणजे तिथल्या निवडीत ज्या गुणाला सगळ्यात जास्त मोल होतं, तो गुण आपल्या बहुतेक शेतांना लागतच नाही. आपल्याला जे लागतं, ते आपल्यालाच तपासून घ्यावं लागेल. चांगली गोष्ट ही की मूळ सामग्री फार लांब नाही. पाडेगाव आहे, मांजरीचं वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, त्यांचं संकर केंद्र तर आपल्या शेजारी आंबोलीला आहे, आणि सल्ल्यासाठी जुन्या गोव्यात एला इथं केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे.

आधी जमिनीचे तुकडे पाडा

एकाच शेतकऱ्याकडे दोन-तीन प्रकारची जमीन असते, आणि प्रत्येकीला वेगळा ऊस लागतो. म्हणून कागदावर शेताचा साधा नकाशा काढा आणि प्रत्येक तुकड्यापुढं तीन गोष्टी लिहा: पावसात पाणी किती दिवस साचतं, एप्रिल-मेमध्ये पाणी किती दिवसांनी मिळतं, आणि जनावर कुठून येतं. मातीची तपासणी करून सामू, म्हणजे आम्लतेचा आकडा, लिहून ठेवा. जांभ्याच्या जमिनीत तो बहुधा सातच्या बराच खाली असतो. चुना द्यायचा असेल तर चाचणी लावण्याआधी सगळ्या तुकड्याला सारखा द्या.

मोरड जमिनीत, म्हणजे चढावरच्या खडेरी तांबड्या मातीत, पाणी थांबत नाही. तिथं ऊस मरतो तो उन्हाळ्यात. अशा ठिकाणी खोल मुळांची, ताण सोसणारी आणि खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला, चिवट जात हवी. को ८६०३२ इतकी वर्षं सगळीकडे टिकली ती याच गुणांवर, आणि म्हणून तुलनेसाठी मी तीच धरतो.

भातातून उसात आणलेल्या खोलगट जमिनीचं उलट. तिथं जुलै-ऑगस्टमध्ये सरीत पाणी उभं असतं, मुळांना हवा मिळत नाही आणि गोडी उतरते. अशा जमिनीत काही जाती पाण्यालगतच्या कांड्यांवर नवी मुळं सोडतात आणि तग धरतात, काही पिवळ्या पडून बसकण मारतात. पुस्तकात वाचण्यापेक्षा ऑगस्टच्या शेवटी गुडघाभर चिखलात जाऊन बघा. आमच्या शेजारच्या काकींची अशीच जमीन आहे. त्यांनी मला एकदा सांगितलं, "बापू, पाण्यात उभा राहतो तो ऊस मला दे रे. गोडी मागाहून बघू." त्यांचं बरोबर होतं. जो ऊस सप्टेंबरपर्यंत जगतच नाही, त्याची गोडी मोजायची कुठं?

रानाच्या कडेला असलेल्या जमिनीची गोष्ट आणखी वेगळी. नेत्रावळी, भाटी, रिवण या बाजूला गवे आणि रानडुकरं उसात शिरतात. मऊ सालीचा, रसाळ ऊस डुक्कर आधी फोडतं. कठीण सालीची जात लावली म्हणजे जनावर थांबतं असं नाही, पण नुकसान कमी होतं आणि तुटून पडलेल्या उसांची संख्या घटते. बदल्यात रस काढताना चरकाला जोर लागतो. हा सौदा ज्याचा त्याने ठरवायचा.

सगळ्या गोव्याला सामाईक असा एक गुण मात्र मी पहिल्या क्रमांकावर ठेवतो, आणि तो बाहेरच्या शिफारशींत सहसा वर येत नाही: ऊस जूनच्या आत कांड्यावर आला पाहिजे. पाऊस सुरू झाला की ऊन जातं, फुटवे दबतात, तण चढतं आणि दिलेलं खत वाहून जातं. ऑक्टोबर ते जानेवारीत लावलेला ऊस मे अखेर कंबरेच्या वर गेला नसेल, तर तो पावसात मार खातो. म्हणून चाचणीत मे महिन्याची उंची आणि फुटव्यांची संख्या लिहून ठेवल्याशिवाय राहू नका.

बेणं आणताना

बेणं आणण्यात घाई केली तर रोग घरी येतो. लाल कूज, म्हणजे उसाला आतून लाल करून कुजवणारा रोग, मुख्यतः टिपरीतून येते. नऊ ते अकरा महिन्यांच्या बेणेमळ्यातलं, खोडव्याचं नसलेलं बेणं घ्या आणि ते संशोधन केंद्रातून किंवा त्यांच्या माहितीतल्या मळ्यातूनच घ्या. काही ऊस उभे चिरून बघा. आत लाली आणि तिच्यात आडवे पांढरे पट्टे दिसले, आंबूस दारूसारखा वास आला, तर गाडी परत पाठवा. उत्तर प्रदेशात को ०२३८ या एकाच जातीनं भरपूर साखर दिली, मैलोन्‌मैल तीच लावली गेली, आणि लाल कुजीनं तिला गाठलं तेव्हा पाठोपाठ फडच्या फड गेले. आपल्या छोट्या गोव्यातही एकाच जातीवर सगळं क्षेत्र ठेवणं मला पटत नाही.

टिपऱ्यांना ५० अंश सेल्सिअस पाण्यात २ तास ठेवण्याची सोय मिळाली तर करून घ्या. गवताळ वाढ आणि काणी (शेंड्यातून काळा चाबूक काढणारा रोग) यांसारखे बेण्यातून येणारे रोग त्यानं बरेच आटोक्यात येतात. पाण्याचं तापमान मात्र काटेकोर सांभाळावं लागतं. थोडं वर गेलं तर डोळे मरतात, खाली राहिलं तर रोग राहतो.

चाचणीचा वाफा

चार जाती आणि तुलनेची एक, एवढं पुरे. त्याहून जास्त घेतल्या की लक्ष पुरत नाही. प्रत्येक जातीचा वाफा ५ सऱ्यांचा, सरी ६ मीटर लांब, दोन सऱ्यांत १.२ मीटर अंतर. हा वाफा ३६ चौरस मीटरचा होतो. अशा पाचही जातींचा एक पट्टा करा आणि असे तीन पट्टे पाडा. उताराच्या जमिनीत पट्टा उताराला आडवा ठेवा, म्हणजे एका पट्ट्यातल्या पाचही जातींना साधारण सारखी माती आणि सारखं पाणी मिळतं. कुठल्या जातीला कुठला वाफा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. आपल्या मनानं ठेवलं तर आवडीची जात नकळत चांगल्या कोपऱ्यात जाते, हे मी मोठमोठ्या शेतकऱ्यांकडे पाहिलेलं आहे. सगळ्या चाचणीभोवती दोन सऱ्या साध्या उसाच्या लावा, म्हणजे कडेच्या वाफ्यांना जास्तीचं ऊन-वारा लागत नाही.

खत, पाणी, भर घालणं सगळ्यांना सारखं. एखादी जात मागे पडतेय म्हणून तिला मूठभर युरिया जास्त घातला की सगळी चाचणी वाया गेली.

तोडणीला कडेच्या दोन सऱ्या सोडून मधल्या तीन मोजायच्या. मधल्या तीन सऱ्या म्हणजे १८ मीटर लांबी आणि २१.६ चौरस मीटर क्षेत्र. समजा मीटरला १० गाळपालायक ऊस मिळाले आणि एकेकाचं वजन सरासरी १.२ किलो भरलं, तर १८० ऊस आणि २१६ किलो वजन. भागलं की चौरस मीटरला १० किलो, म्हणजे हेक्टरी १०० टन. हा हिशेब कागदावर मांडूनच जातींची तुलना करा, कारण उंच, सरळ ऊस डोळ्याला भारी वाटतो आणि आखूड, दाट ऊस काट्यावर भारी ठरतो.

गोडीसाठी हँड रिफ्रॅक्टोमीटर घ्या. शेतकऱ्याने घेण्यासारखं हे सगळ्यात उपयोगी साधन आहे. नोव्हेंबरपासून दर पंधरा दिवसांनी त्याच वाफ्यातल्या चार-पाच उसांच्या वरच्या आणि खालच्या कांडीचा रस थेंबभर घालून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचा आकडा, बघा. वरचा आकडा खालच्याच्या जवळ आला की ऊस पिकला. कुठली जात डिसेंबरात पिकते आणि कुठली मार्चमध्ये, हे कळणं फार मोलाचं आहे. २०१९-२० च्या हंगामापासून धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्यात गाळप झालेलं नाही, आणि आपला ऊस कर्नाटकात पाठवायचा तर तोडणीची तारीख आपल्या हातात राहत नाही. तेव्हा पिकल्यावर फडात दोन महिने उभी राहूनही गोडी न सोडणारी जात हवी. ज्यांना रस किंवा गूळ करायचा आहे त्यांनी रसाचा रंग, गाळ आणि सालीचा मऊपणाही लिहावा. एक-दोन घमेली गूळ करून पाहिल्याशिवाय गुळासाठी जात ठरवू नये.

आणि खोडवा बघितल्याशिवाय कुठल्याही जातीवर शिक्कामोर्तब करू नका. लावणीत पहिली आलेली जात खोडव्यात शेवटी जाताना मी पुष्कळदा पाहिली आहे. आपल्याकडे दोन-तीन खोडवे घेतल्याशिवाय हिशेब बसत नाही, मजूर महाग, बेणं महाग. म्हणून लावणीचं एक वर्ष आणि खोडव्याची किमान दोन, एवढं मोजल्यावरच निर्णय घ्या. तोडणी एप्रिलच्या आत उरका. मेमध्ये तोडलेल्या बुडख्यांवर पहिला पाऊस पडला की ती कुजतात, आणि दोष जातीवर जातो.

तुऱ्यातलं बी रुजवणं

आता दुसरी वाट. आपल्या दमट हवेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात तुरे भरपूर येतात. शेतकरी म्हणून ही अडचण आहे: तुरा आला की वाढ थांबते, पुढं ऊस आतून पोकळ होतो. म्हणून किनाऱ्यालगतच्या चाचणीत मी न फुलणाऱ्या किंवा उशिरा फुलणाऱ्या जातीला झुकतं माप देतो. पण ज्याला नवी रोपं हवीत, त्याला हाच तुरा कामाला येतो.

शेजारी शेजारी लावलेल्या, एकाच वेळी फुलणाऱ्या दोन चांगल्या जाती निवडा. उसाच्या फुलात नर आणि मादी दोन्ही असतात, पण कित्येक जातींचा पराग मेलेला असतो. परागकोश चुरडून त्यावर आयोडीनचा थेंब टाका आणि भिंगातून बघा. जिवंत परागात पिष्ट असतं, त्यामुळे तो काळा पडतो. ज्या जातीचा पराग फिकट राहतो ती मादी, जिचा काळा होतो ती नर. नर जातीचे तुरे मादीच्या वर, वाऱ्याच्या बाजूला बांधा आणि दोन्हींभोवती मलमलीचा मोठा कंदील उभा करा. पराग फार थोडा वेळ जगतो, म्हणून सकाळी तुरा उमलताना हलकेच हलवा. एवढी खटपट नको असेल तर मादीच्या तुऱ्यावर उघड्यावर जे बी धरेल ते घ्या. फक्त बाप कोण ते कळणार नाही, आणि स्वतःच्याच परागानं धरलेलं बीही त्यात असू शकतं, ज्याची रोपं किडकिडीत निघतात.

महिनाभरात बी पिकतं. तुरा सुटून उडू लागण्याआधी त्याला मलमल बांधा, कापून सावलीत वाळवा आणि कापसासारखा भाग ओरबाडून घ्या. या कापसात बारीक दाणे असतात. साध्या हवेत त्यांची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून लगेच पेरा. उथळ ट्रेमध्ये वाळू, चाळलेलं शेणखत आणि माती सारख्या प्रमाणात घ्या, वर कापूस पातळ पसरून हलकेच दाबा, फवारा मारा, प्लास्टिकनं झाका आणि ऊबदार जागी ठेवा. चार-पाच दिवसांत हिरवी सुई दिसू लागते. पाणी जास्त झालं की कूज येते, कमी झालं की सुई वाळते. म्हणून दिवसातून दोन-तीनदा फवारा, झारी नको. पाच-सहा आठवड्यांनी पिशव्यांत आणि अडीच-तीन महिन्यांनी शेतात. दोन रोपांत हातभर अंतर ठेवा.

पहिल्या वर्षी काय निवडायचं, इथं पुष्कळजण चुकतात. एकट्या बेटाचं वजन जमिनीच्या छोट्याशा फरकानंही वरखाली होतं, त्यावर विसंबू नका. ब्रिक्स मात्र पुढच्या पिढीतही बराचसा तसाच उतरतो. म्हणून आधी रोगट बेटं काढा: काळा चाबूक आलेलं, लाल कुजीचं, पानांवर तपकिरी ठिपके भरलेलं, सगळं बुंध्यासकट उपटून जाळा. मग उरलेल्यांत ब्रिक्सनं वरची दहा टक्के ठेवा. त्यांच्या टिपऱ्यांची पुढच्या वर्षी एकेक सरी, त्यातून उरलेल्यांची तिसऱ्या वर्षी तीन-तीन सऱ्या, आणि तिथून पुढं वर सांगितलेली पट्ट्यांची चाचणी. संशोधन केंद्रात हजारो रोपांतून एखादी जात निघते आणि त्याला बारा-चौदा वर्षं लागतात. आपल्याला देशभर चालणारी जात नको आहे, आपल्या चार तुकड्यांत चालणारी हवी, त्यामुळे गाळणी थोडी सैल ठेवता येते. पण रोगाच्या बाबतीत नाही. नव्या रोपाची लाल कूज आणि काणी सोसण्याची ताकद संशोधन केंद्राकडून तपासून घेतल्याशिवाय ते शेजाऱ्याच्या शेतात जाऊ देऊ नका.

निवडलेलं वाढवणं आणि देणं

एक डोळा रोपांनी वाढ लवकर होते. निरोगी उसाला पंधरा-वीस डोळे असतात. ट्रेमध्ये रोपं करून १.२ मीटर बाय ०.६ मीटरवर लावली तर हेक्टरला सुमारे १३,९०० रोपं लागतात. म्हणजे चाचणीतल्या एका वाफ्यातून पुढच्या वर्षी बराच मोठा बेणेमळा उभा राहतो. बेणेमळा फडापासून दूर, पाणी न साचणाऱ्या जागी ठेवा.

वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा २००१ सालचा आहे. त्यानुसार शेतकऱ्याला आपलं बेणं राखणं, लावणं, वाटणं, विकणं मोकळं आहे. फक्त संरक्षित जातीचं बेणं छापील ब्रँड लावून विकता येत नाही. स्वतः घडवलेली जात शेतकरी वाण म्हणून नोंदवण्याचीही सोय त्या कायद्यात आहे. त्यासाठी आणि शेजाऱ्याच्या भल्यासाठीही, बेणं देताना सोबत एक कागद द्या: आई कुठली, बाप माहीत असेल तर कुठला, कुठल्या तुकड्यात किती वर्षं मोजली, लावणीत किती आणि खोडव्यात किती टन, कुठल्या महिन्यात पिकली, तुरा येतो की नाही, पाण्यात कशी राहिली. काकींना मी दिलेल्या बेण्यासोबत असा कागद आहे, आणि त्यांनी त्याखाली स्वतःच्या शेतातले आकडे लिहायला सुरुवात केली आहे.